पीसीए३ची लघवी चाचणी : एका गेजवाल्याचा अभिप्राय

आयुष्याची ३१ वर्षं मी गेज तपासले. आधी सांगलीजवळ पंपांच्या कारखान्यात, मग न्यू जर्सीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत. प्रेशर गेज, टेम्परेचर गेज, फ्लो मीटर. काटा कुठे आहे ते कुणीही वाचतं. काटा खोटं कधी बोलतो ते शोधायचा पगार मला मिळायचा. म्हणून ५८व्या वर्षी, प्रोस्टेट कॅन्सरच्या शंकेवरून, डॉक्टर जेव्हा म्हणाले, "अजून एक टेस्ट आहे, लघवीची," तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "कॅलिब्रेशन कशावर केलंय?" डॉक्टरांना गंमत वाटली. मी गंभीर होतो. कॅलिब्रेशन म्हणजे गेजचं माप खात्रीच्या मापाशी ताडून बघणं.

आधी मागची हकिकत. २०१४ साली माझं पीएसए ५.८ आलं. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. ते रक्तात मोजतात आणि आकडा ४च्या वर गेला की डॉक्टरांच्या भुवया वर जातात. अमेरिकेत एफडीएने (औषधं-चाचण्यांना मान्यता देणारं सरकारी खातं) १९८६ साली ही तपासणी मान्य केली ती कॅन्सर झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून मान्यता आली १९९४ साली. आता गेजवाल्याच्या नजरेने बघा. ग्रंथी वयामुळे फुगली तरी हा काटा वर, जंतुसंसर्ग झाला तरी वर, कॅन्सर झाला तरी वर. बॉयलरचं प्रेशर बघायचं सोडून बॉयलर रूममध्ये किती उकडतंय ते बघून फोरमनला उठवायचं, अशातला हा प्रकार.

फोरमनला उठवलं. १२ सुयांची बायोप्सी झाली, म्हणजे सुयांनी ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासले, कॅन्सर सापडला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र थंडी वाजून जो ताप भरला, तो दोन रात्री हॉस्पिटलात सलाइन लावून उतरला. मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, त्या दोन रात्री खुर्चीत काढल्या. घरी आल्यावर ती एकच वाक्य बोलली : "परत हे नको." २०१६च्या उन्हाळ्यात पीएसए ७.१ झालं आणि डॉक्टर म्हणाले, परत करावं लागेल.

त्या 'परत'च्या आधी मधे काही करता येतं का, असं मी विचारलं आणि त्यातून ही पीसीए३ चाचणी निघाली. कागदावर तिचं नाव 'प्रोजेन्सा पीसीए३'. सॅन डिएगोच्या जेन-प्रोब कंपनीची. फेब्रुवारी २०१२मध्ये एफडीएने मान्य केली आणि त्याच वर्षी ती कंपनी होलॉजिकने विकत घेतली. युरोपात ती त्याआधीपासून, २००६पासून वापरात होती.

चाचणी कशी होते ते आधी सांगतो, कारण 'लघवीची चाचणी' म्हटलं की माणसाला वाटतं बाटली भरायची आणि घरी जायचं. तसं नाही. आधी डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट दाबतात, ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन वेळा. ग्रंथीतल्या पेशी सुटून मूत्रमार्गात याव्यात म्हणून. त्यानंतरची पहिल्या धारेची लघवी घ्यायची, २० ते ३० मिलिलिटर. आपल्याकडे बाकी सगळ्या तपासण्यांना मधल्या धारेची लघवी घ्यायची सवय आहे, इथे उलट. जे काही सुटून आलंय ते पहिल्याच धारेत आहे. ती लघवी चार तासांच्या आत एका खास नळीत ओतायची. नळीत आधीच एक द्रव असतो. तो पेशी फोडतो आणि आतला आरएनए (मोजायचा तोच, तो काय ते पुढे सांगतो) सडू देत नाही. नळीवर दोन काळ्या रेघा छापलेल्या असतात, पातळी त्यांच्या मधे आली पाहिजे. बाटली थांबवायचीच असेल तर बर्फात किंवा फ्रिजमध्ये.

रेघा बघून मला बरं वाटलं. ज्यांनी हे बनवलं त्यांना माणसं कशी चुका करतात ते ठाऊक आहे.

तरी चूक झालीच. चाचणीची नव्हे, दवाखान्याची. माझा पहिला नमुना जेवणाच्या सुट्टीत काउंटरवर तसाच राहिला. नर्सबाई गेल्या पिझ्झा खायला, माझी बाटली खिडकीच्या उन्हात. तिसऱ्या दिवशी फोन : "नमुना बाद झाला, परत याल का?" परत जायला माझी हरकत नव्हती हो, पण त्या सहा दाबण्या परत! दुसऱ्या खेपेला मी घरून मासे आणायची थर्मोकोलची पेटी बर्फ घालून नेली आणि नळीत ओतेपर्यंत समोर उभा राहिलो. नर्सबाईंना आवडलं नाही. विमा कंपनीनेही आधी नाही म्हटलं, दोन पत्रं आणि बऱ्याच फोनांनंतर हो म्हटलं. तो भाग इथेच सोडतो, आठवला की माझंच प्रेशर वाढतं.

दोन आठवडे निकालाची वाट बघायची होती. मी माहितीपत्रक वाचणारा माणूस आहे. मिक्सर घेतला तरी आधी पुस्तिका वाचतो, मंगल तोवर चटणी वाटून मोकळी होते. एफडीएची कागदपत्रं सगळ्यांना वाचायला खुली असतात. ती छापून काढली, पेन्सिल घेतली आणि बसलो.

पहिला धक्का नावानेच दिला. पीसीए३ म्हणजे 'प्रोस्टेट कॅन्सर अँटिजेन ३'. अँटिजेन म्हटलं की सहसा प्रथिन. आणि या वस्तूचं वैशिष्ट्यच असं की ती प्रथिन नाही आणि तिच्यापासून प्रथिन बनतही नाही. पाटीवर 'पंप' लिहिलंय आणि आत व्हॉल्व्ह! आमच्या स्टोअरमध्ये असं लेबल कुणी लावलं असतं तर मेमो मिळाला असता. (नंतर त्या नावातला अँटिजेन काढून 'असोसिएटेड' केलं म्हणे. बरं केलं.)

मग ही वस्तू आहे तरी काय? मला समजलं तसं, कारखान्याच्या भाषेत सांगतो. डीएनए म्हणजे डिझाइन ऑफिसातली मूळ ड्रॉइंग्ज, कपाटात कुलूपबंद. शॉपमध्ये जाते ती ड्रॉइंगची प्रत, म्हणजे आरएनए. प्रत बघून लेथवर जो पार्ट निघतो ते प्रथिन. कॉलेजात जेवढं जीवशास्त्र कानावर पडलं होतं त्यात एवढंच होतं. पण माणसाच्या डीएनएमध्ये पार्ट बनवणारी ड्रॉइंग्ज, म्हणजे जनुकं, साधारण २०,००० आणि ती सगळी मिळून डीएनएचा जेमतेम २ टक्के भाग. उरलेल्या भागातूनही प्रती निघत असतात. ढीगच्या ढीग. त्यांतल्या २०० अक्षरांपेक्षा लांब आणि ज्यांच्यावरून कुठलाच पार्ट बनत नाही अशा प्रतींना म्हणतात लाँग नॉन-कोडिंग आरएनए. पुष्कळ वर्षं लोक त्याला रद्दी समजत होते.

ज्याने कारखान्यात दिवस काढलेत त्याला रद्दीचा अर्थ वेगळा कळतो. ऑफिसात फिरणाऱ्या निम्म्या कागदांवरून कधीच पार्ट बनत नाही. 'हा जॉब होल्ड', 'हे ड्रॉइंग रद्द', 'आधी साहेबांची सही'. पण त्या कागदांवर कारखाना चालतो, आणि चुकीच्या टेबलावर चुकीची चिठ्ठी गेली तर कारखाना बसतो. कॅन्सरमध्ये तेच दिसतंय. २००३ साली जर्मनीतल्या गटाला फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये मॅलॅट१ नावाचा असा आरएनए सापडला, आठ हजारांहून जास्त अक्षरांचा. ज्या रुग्णांच्या गाठीत तो भरपूर, त्यांचा कॅन्सर पुढे शरीरात पसरण्याची शक्यता जास्त. २०१०मध्ये स्तनाच्या कॅन्सरमध्ये हॉटएअर नावाच्या अशाच आरएनएबद्दल असंच काही निघालं. तो जनुकांना कुलूप लावणाऱ्या यंत्रणेला धरून भलत्याच कपाटांपाशी नेतो, असं त्या शोधनिबंधाचं म्हणणं. हे वाचताना मला आमचे एक जुने पर्चेस ऑफिसर आठवले. स्वतः काही बनवत नसत, पण त्यांच्या चिठ्ठीशिवाय पान हलत नसे.

माझी चिठ्ठी पीसीए३. ती सापडली १९९९ साली, नेदरलँड्समधलं नायमेगन आणि अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स यांच्या एकत्र कामातून. तेव्हा तिचं नाव डीडी३. एकाच माणसाच्या प्रोस्टेटमधला गाठीचा तुकडा आणि शेजारचा चांगला तुकडा घ्यायचा, दोन्हींतल्या प्रती शेजारी शेजारी मांडायच्या आणि कुठली प्रत एकीकडे भरमसाट आहे ते शोधायचं. तपासलेल्या ५६ गाठींपैकी ५३मध्ये ही प्रत शेजारच्या चांगल्या भागापेक्षा १० ते १०० पट जास्त होती. पीएसएसारखी ती ग्रंथी फुगली म्हणून वाढत नाही, हा मोठा मुद्दा. साठीच्या आसपास कुणाची ग्रंथी फुगलेली नाही सांगा!

ती कॅन्सरमध्ये करते काय, हे बराच काळ कोडंच होतं. २०१५मध्ये एक उत्तर आलं. पीसीए३ची जागा नवव्या क्रोमोसोमवर, आणि तीही प्रून२ नावाच्या दुसऱ्या जनुकाच्या पोटात, उलट्या दिशेने लिहिलेली. उलटी असल्यामुळे ती प्रून२च्या कच्च्या प्रतीला दातात दात अडकवल्यासारखी चिकटते. अशी जोडी झाली की पेशीतलं एडार नावाचं एन्झाइम येऊन त्यातली अक्षरं बदलतं आणि प्रून२ कमी होत जातो. प्रून२ हा गाठ वाढू न देणारा, म्हणजे ब्रेक. थोडक्यात, ब्रेकच्या ड्रॉइंगवर कुणीतरी लाल 'होल्ड'चा टॅग लावला आणि तो टॅग त्याच ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला छापलेला होता. हे कळल्यावर मी पेन्सिल खाली ठेवून चहा करून आणला.

पण माझ्या दृष्टीने या चाचणीतली खरी कारागिरी जीवशास्त्रात नाही, भागाकारात आहे.

विचार करा. डॉक्टरांनी जोरात दाबलं तर जास्त पेशी येणार, हलकं दाबलं तर कमी. कुणी दोन ग्लास पाणी पिऊन आलेला, कुणी उपाशी. नुसता पीसीए३ मोजला असता तर आकडा डॉक्टरांच्या बोटावर अवलंबून राहिला असता. म्हणून त्याच नळीत दुसरा आरएनए मोजतात : पीएसएचा. रक्तातलं पीएसए प्रथिन वेगळं. इथे त्याची प्रत मोजायची, पेशीतून आलेली. पीएसएची प्रत प्रोस्टेटच्या पेशी चांगल्या असोत की बिघडलेल्या, बनवतच असतात. म्हणून ती सांगते प्रोस्टेटचा किती माल नळीत आलाय. मग वर पीसीए३, खाली पीएसए, भागायचं आणि हजाराने गुणायचं. झाला स्कोअर. जास्त दाबलं तर वरचंही वाढेल, खालचंही वाढेल, उत्तर तेवढंच. आणि पीएसएचा आरएनए फारच कमी निघाला तर नमुनाच बाद, कारण मग भागायलाच काही नाही. लाइनमधल्या धक्क्यांनी एकटा गेज नाचतो तेव्हा आम्ही दोन गेज लावून त्यांचं गुणोत्तर घ्यायचो, ती अगदी हीच युक्ती. मशीनमध्येही सोपं काम नाही : चुंबकाला चिकटणाऱ्या बारीक कणांनी हवे तेवढेच आरएनए ओढून घ्यायचे, त्यांच्या असंख्य प्रती काढायच्या आणि शेवटी एक रसायन लावून जो प्रकाश पडतो तो मोजायचा. ज्याने हा भागाकार सुचवला त्याला माझ्याकडून कडक चहा आणि भडंग.

माझा निकाल आला : १४. म्हणजे पीएसएच्या दर हजार प्रतींमागे पीसीए३च्या चौदा.

आता लाल रेघ कुठे? एफडीएने मान्य केलेली रेघ २५ची. त्याखाली असाल तर दुसऱ्या बायोप्सीत कॅन्सर निघण्याची शक्यता कमी. युरोपात पुष्कळ ठिकाणी ३५ धरायचे. एकाच यंत्राला दोन देशांत दोन रेघा बघून काही लोक बिथरतात. मला त्यात काही वाटलं नाही. रेघ वर नेली की फुकटचे भोंगे कमी वाजतात पण खरी आग निसटते. खाली आणली की उलट. रेघ कुठे मारायची हे यंत्र सांगत नाही, मालकाला कशाची भीती जास्त आहे त्यावर ते ठरतं. २०१४मध्ये ८५९ पुरुषांचा एक अभ्यास आला होता, त्यांनी तर दोन रेघा सुचवल्या : पहिल्याच बायोप्सीच्या वेळी ६०च्या वरचा आकडा गंभीरपणे घ्या, आणि दुसऱ्या बायोप्सीच्या वेळी २०च्या खालच्याने धीर धरा. माझा १४ दोन्ही हिशोबांत खाली.

मंगलने देवापुढे साखर ठेवली. मी पेन्सिल परत उचलली.

एफडीएला दाखवलेल्या अभ्यासात ४६६ पुरुष होते, सगळे माझ्यासारखेच, एकदा बायोप्सी होऊन काही न निघालेले. सगळ्यांची परत बायोप्सी केली. १०२ जणांना कॅन्सर निघाला, ३६४ जणांना नाही. २५ची रेघ लावली तर १०२पैकी ७९ जणांच्या वेळी भोंगा वाजला. २३ जणांच्या वेळी काटा खालीच राहिला. आता उलट बाजू : एकूण २३१ जणांचा स्कोअर रेघेखाली होता, त्यांतल्या २०८ जणांना खरोखर काही निघालं नाही. म्हणजे 'काही नाही' असं चाचणी म्हणाली तर शंभरात नव्वद वेळा बरोबर. आणि 'काहीतरी आहे' म्हणाली तर? २३५ जणांमागे ७९. तीनातला एक. भोंगा वाजला म्हणून हातपाय गाळू नयेत आणि वाजला नाही म्हणून पेढे वाटू नयेत, असा हा गेज. आमच्या कारखान्यात याला मी 'फक्त एका कामासाठी' असा टॅग लावला असता. ते एक काम मात्र तो बरं करतो : दुसऱ्या बायोप्सीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला, थांबलास तर चालेल का, हे सांगणं.

आणि माझा पहिला प्रश्न, कॅलिब्रेशन कशावर? त्याचंही उत्तर त्याच कागदांत मिळालं. बायोप्सीवर. अक्रोडाएवढ्या ग्रंथीत बारा सुया घालायच्या आणि ज्या ठिकाणी सुई गेली नाही तिथलं काही कळत नाही. म्हणजे मास्टर गेजच अधूनमधून चुकतो, आणि त्याच्याशी जुळवून आपण दुसऱ्या गेजला नापास करतोय. त्या 'कॅन्सर नाही' म्हटलेल्या ३६४ जणांत सगळेच निर्दोष असतील यावर मी पैज लावणार नाही. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "यू आर नॉट राँग." डॉक्टर लोक एवढंच म्हणाले तरी समजायचं आपण बरोबर आहोत.

माहितीपत्रकातल्या दोन गोष्टी मला तिथे कुणीही तोंडी सांगितल्या नाहीत, म्हणून इथे लिहितो. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड (ही दोन्ही फुगलेली ग्रंथी आकसवणारी) किंवा हॉर्मोन दाबणारी औषधं चालू असलेल्यांसाठी ही चाचणी नाही. त्या औषधांनी पीसीए३वर काय होतं ते कंपनीने तपासलेलं नव्हतं. प्रोस्टेटसाठी आपल्या वयाचे पुष्कळ लोक यांतलं काहीतरी घेत असतात. मी नुसतं टॅम्सुलोसिन, लघवी मोकळी होण्याचं औषध, घेत होतो, वाचलो. दुसरं म्हणजे चौकटीत ठळक छापलेला इशारा : शेवटच्या बायोप्सीत संशयास्पद पेशींचे छोटे पुंजके दिसले असतील तर ही चाचणी करून बायोप्सी टाळू नका. आपला जुना रिपोर्ट काढून नीट वाचा, हाच त्याचा अर्थ.

मी बायोप्सी केली नाही. दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षाने तपासणी. मधली तीन-चार वर्षं बरी गेली. एकदा पायी वारीतही चाललो, लोणंदपासून फलटणपर्यंत.

२०२०मध्ये पीएसए ८.३ झालं. लॉकडाउन, दवाखान्यात कुणी येऊ देईना. तेव्हा नवी चाचणी घरी पार्सलने आली : एक्सोडीएक्स. हिच्यात दाबादाबी नाही. पेशी लघवीत एक्सोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या सोडत असतात आणि त्यांच्या आत आरएनए सुखरूप असतो, तो मोजतात. आणि त्यात कोण भेटावं? जुना ओळखीचा पीसीए३! सोबत ईआरजी नावाचा दुसरा, आणि भागायला पीएसएच्या जागी एसपीडीईएफ. आडनाव बदललं तरी घराणं तेच. हिचा प्रश्न मात्र जास्त शहाणा आहे. कॅन्सर आहे का, यापेक्षा वाढणारा, त्रास देणारा कॅन्सर आहे का, हे ती विचारते. रेघ १५.६ वर. तो दशांश बघून मी हसलो. ज्या मापात एवढी ढील आहे तिथे दशांश लिहायची हौस! सोयीला पूर्ण गुण. आपल्या घरी, आपल्या संडासात, आपल्या वेळेला.

आकडा आला २२. रेघेच्या वर.

मग एमआरआय झाला, डाव्या बाजूला एक ठिपका दिसला, आणि त्या ठिपक्यावर नेम धरून बायोप्सी झाली. (यावेळी ताप नाही. अँटिबायोटिक बदलून दिलं होतं आणि मंगल आधीच खुर्ची धरून बसली होती.) निघाला तो कॅन्सरच, पण किती आक्रमक ते सांगणाऱ्या ग्लीसन पट्टीवर ३ अधिक ३, सगळ्यात खालच्या पायरीचा, दोन सुयांत थोडासा. चाचणीने भोंगा वाजवला होता मोठ्या पायरीसाठी. डोंगर पोखरून उंदीर. पण उंदीर होता, हेही खरं. डॉक्टर म्हणाले, काही कापायचं नाही, लक्ष ठेवू. आजतागायत लक्ष ठेवतोय.

मग २०१६चा १४ खोटा होता का? हा प्रश्न मी रात्री पडल्या पडल्या पुष्कळदा उलटसुलट केलाय. मी त्या तेवीस जणांतला चोविसावा असेन, किंवा तो ठिपका नंतर उगवला असेल. पण गेज तपासणाऱ्याने गेजला त्याच्याच प्रश्नावर जोखावं. प्रश्न होता : आत्ता परत सुया टोचू का? उत्तर मिळालं : थांब. थांबलो, आणि थांबल्याने माझं नुकसान झालं नाही. ताप आला नाही, हॉस्पिटलात रात्र गेली नाही, चार वर्षं मिळाली. पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा कापला तो तीनातल्या दोन खोट्या भोंग्यांसाठी, अर्धा नावासाठी. दवाखान्याच्या उन्हातल्या बाटलीचे गुण मी चाचणीतून कापलेले नाहीत.

आता हे सगळं लिहायचं कारण. गेल्या महिन्यात सांगलीहून वसंताचा फोन आला. शाळासोबती, विश्रामबागेत किराणा दुकान. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलं होतं की अमेरिकेत लघवीतून कॅन्सर पकडतात, रक्तबिक्त काही लागत नाही. त्याचं पीएसए कुणीतरी काढलं होतं, थोडं वर होतं. "तू केलायस म्हणं तसला टेस्ट. सांग की मर्दा, कसा हाय."

मी सांगितलं. ड्रॉइंग, चिठ्ठी, प्रून२चा ब्रेक, भागाकार, ४६६ माणसं, सगळं. पाऊण तास. तो मधे मधे "हं" म्हणत होता आणि मागे गिऱ्हाइकाला साबणाचा भाव सांगत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे करू का नको?"

"तुझी बायोप्सी झालीय का आधी?"

"न्हाई."

"मग पीसीए३ तुझ्यासाठी नाहीच. ज्याची एकदा झालीय आणि काही निघालं नाही, त्याच्यासाठी आहे ती. तू आधी मिरजेला जाऊन चांगल्या युरॉलॉजिस्टला दाखव, लघवीत जंतू आहेत का बघ, मग पीएसए परत काढ."

पलीकडे जरा वेळ नुसता वजनकाट्याचा आवाज.

"आरं मग हे पयल्यांदा सांगायचं न्हाईस व्हय," वसंता म्हणाला, "दोन किलो साखर तोलून झाली माझी."